काखेतला पोपटी जोड

माझ्या मामीला, चमेलीबाई रहांगडालेला, आयुष्यात कोणीच पटलं नाही. मंत्री पटले नाहीत, आमदार पटले नाहीत, बातम्या सांगणारे पटले नाहीत, आणि बातम्या छापणारा मी तर मुळीच नाही. आमच्याकडे भाच्याच्या पाया पडायची रीत आहे. मामी दर दिवाळीला रीतसर माझ्या पाया पडायची आणि उठता उठता विचारायची, "का गा टिकेशबाबू, यंदा किती खोटं छापलं?"

अर्जुनी मोरगावात स्टेशनकडून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर मामीचं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. पायाचं मशीन, भिंतीला टेकलेलं कापायचं टेबल, खाली चिंध्यांची दोन बोचकी आणि फळीवर रेडिओ. नत्थूलालमामा शेती पाहायचे आणि गप्प राहायचे. मामीसमोर दुसरं काही करताही येत नसे.

१९९९ मध्ये भंडाऱ्यातून फुटून गोंदिया जिल्हा झाला तेव्हा बसस्टँडवर पेढे वाटले. कोणीतरी एक पेढा मामीला दुकानात आणून दिला. तिनं तो सावकाश खाल्ला आणि म्हणाली, "आधी साहेब भंडाऱ्याले भेटत नोता, आता गोंदियाले भेटणार नाई. पेढा मातर चांगला हाये."

रेडिओवरच्या बातम्या ती मशीन चालवता चालवता ऐके. कोणी पुढारी "ठोस पावलं उचलू" म्हणाला की तिचे पाय थांबायचे, मशीन बंद पडायचं. ब्लाउज टाकायला आलेल्या बाईला ती सांगायची, "हत्तीपाय झाला का पावलं ठोस होतेत. अन् मंग ते उचलत नाईत." बाया हसायच्या. मामी हसायची नाही. हसणाऱ्या बायांबद्दलही तिचं मत चांगलं नव्हतं. ह्या इथं हसतील आणि मतदानाच्या दिवशी नवरा सांगेल तिथं बोट लावतील, असं ती त्यांच्या तोंडावर म्हणायची. तरी बाया तिच्याकडेच यायच्या, कारण तिच्या हातचा ब्लाउज कधी उसवत नसे. माझं ऐकून सारं गावच तिला मामी म्हणायचं.

२००१ मध्ये मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर झालो. वार्ताहर म्हणजे काय, ते बाहेर सांगायला बरं वाटतं. उद्घाटनं, निवेदनं, वाढदिवस आणि अपघात एवढंच माझ्या वाट्याला होतं. मामी सातवी पास. तिनं वाचकांच्या पत्रव्यवहारासाठी पत्रं लिहायला घेतली आणि ती गोंदियाच्या कार्यालयात पोचवायचं काम माझ्याकडे आलं. पत्र चार ओळींचं असायचं. खाली स्वच्छ अक्षरात "चमेली नत्थूलाल रहांगडाले, लेडीज टेलर". छापून यायचं तेव्हा खाली असायचं नुसतं "नत्थूलाल रहांगडाले". कार्यालयात कोणाला तरी वाटत असावं की बाईच्या नावानं एवढं तिखट लिहिलेलं बरं दिसत नाही.

गावात मामांची कॉलर ताठ झाली. पानठेल्यावर लोक त्यांना म्हणायचे, "वा नत्थूभाऊ, कसं हाणलं!" मामा मान हलवायचे. मी लिहिलेलं नाही, असं त्यांनी एकदाही सांगितलं नाही. मामीनं मला एकदाच विचारलं, "माहं नाव कोण कापते, तुमी का ते गोंदियावाले?" मी म्हटलं, ते. खरं तर मी कधी विचारलंच नव्हतं.

पुढे टीव्ही आला, त्यावर चोवीस तास बातम्या आल्या. मामीला त्यातला एकही चेहरा आवडला नाही. "एक बोलते तं नऊ जण ओरडतेत. आमच्या बाजारात बकऱ्या विकतानी बी एवढा गोंधळ होत नाई," ती म्हणायची. मग २०१३ मध्ये तिच्या मुलीनं, सोनिकानं, मोबाइलवर फेसबुक उघडून दिलं. सोनिका कॉलेजात होती. तिला वाटलं, आईला माहेरच्या लोकांचे फोटो पाहायला मिळतील. मामीनं दोन दिवस माहेरचे फोटो पाहिले. "सगळे जाडे झाले," एवढंच म्हणाली आणि तिसऱ्या दिवशी राजकारणाकडे वळली.

तिथं तिला हवं तेवढं खाद्य मिळालं. सकाळी देवाचे फोटो टाकणारे, दुपारी शिव्या देणारे, संध्याकाळी देश वाचवायला निघालेले, आणि हे सगळे एकच. पुढाऱ्याच्या पोराच्या वाढदिवसाला "युवा हृदयसम्राट" लिहिणाऱ्या मास्तरला तिनं लिहिलं, "गुरुजी, हा तुमच्याच शाळेत दोनदा नापास झाला होता. तेव्हा हृदय कुठं होतं?" ती एका बोटानं टाइप करायची, पण शुद्ध लिहायची. बोलायची झाडीबोलीत आणि लिहायची पुस्तकी मराठीत, कारण चूक काढायला कोणाला जागा द्यायची नव्हती. आणि इथं पहिल्यांदा तिच्या लिहिण्याच्या वर तिचंच नाव होतं. त्याबद्दल ती कधी काही बोलली नाही. पण दुकानातल्या आरशाजवळ फोन ठेवायला तिनं एक छोटी फळी ठोकून घेतली.

२०१५ च्या उन्हाळ्यात पंचायत समितीची निवडणूक लागली. आमच्या गणात, म्हणजे मतदारसंघात, गुलाबचंद उभा होता. खताचा दुकानदार, गोड बोलणारा, दोन वाक्यं मराठीत तर तिसरं हिंदीत. त्याच्या मित्रमंडळानं फेसबुकवर एक फोटो टाकला. चार बाया डोक्यावर मातीची घमेली घेऊन एका रांगेत तलावाच्या पाळीवर चढताहेत. कोपऱ्यात गोलात गुलाबचंदचा हसरा चेहरा, आणि खाली लिहिलेलं: "गुलाबचंदभाऊंच्या हाकेला ओ! खापरटोलीच्या माताभगिनींच्या श्रमदानातून मामा तलाव गाळमुक्त." मामा तलाव म्हणजे जुन्या मालगुजारांनी बांधलेला तलाव. खापरटोलीच्या धानाच्या बांध्यांना त्याचंच पाणी.

हाच फोटो आणि हाच मजकूर मला ईमेलवर आला. मी वर "खापरटोलीत श्रमदानाचा आदर्श" असं शीर्षक दिलं आणि पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी छापून आला. त्याच सकाळी मामीचा फोन, "दुकानात या."

टेबलावर पेपर पसरलेला होता. मामीनं कात्रीचं टोक फोटोतल्या दुसऱ्या बाईवर ठेवलं. "हे कोण होय?"

त्या बाईचा एक हात डोक्यावरच्या घमेल्याला होता. घमेल्याच्या सावलीत चेहरा अर्धा झाकलेला.

"खापरटोलीची कोणी असेल," मी म्हणालो.

"असेल काऊन? तुमी गेले होते ना तलावावर?"

मी पेपर जवळ ओढून पाहू लागलो.

"हे सुशिलाबाई. हा वांगी रंगाचा ब्लाउज म्या शिवला. कापड कमी आणलं होतं तिनं, तं काखेत पोपटी जोड लावला. म्हणलं हात खाली ठेवजो, कोणाले दिसत नाई. इथं हात वर हाये, तं दिसून राहिला." मामीनं फोनवर तोच फोटो मोठा करून दाखवला. काखेत खरंच पोपटी रंगाचा चौकोन होता. "हा दोन हजार अकराचा फोटो होय. पलीकडच्या लहान्या तलावावर, बोडीवर, रोजगार हमीचं काम चालू होतं तवाचा. अन् सुशिलाबाई मेली, त्याले दोन वर्स झाले. धानाच्या रोवणीत साप चावला तिले. तुमीच छापली होती ते बातमी."

छापली होती. चार ओळी. माझ्या लक्षात नव्हती.

मामीनं दुकानाला कुलूप लावलं आणि माझ्या मोटारसायकलवर मागे बसली. खापरटोलीचा तलाव भेगाळून पडला होता. मधल्या डबक्यात म्हशी बसलेल्या, काठानं बेशरमाची झाडं माणसाएवढी वाढलेली. एक टोपलीही माती हललेली नव्हती. मामीनं चारही बाजूंनी नीट पाहिलं आणि म्हणाली, "बेशरम चांगला आला हाये यंदा. याच्यासोबत तुमचा फोटो काढा, शोभते."

मी म्हटलं, "मामी, मी खुलासा छापायला लावतो. तू काही लिहू नको." मी कार्यालयाला फोन केला नाही. गुलाबचंदच्या दुकानाची जाहिरात दर महिन्याला मीच आणत होतो.

मामीनं माझी वाट पाहिली नाही. दुपारी तिनं गुलाबचंदच्या फोटोखाली लिहिलं: "हा फोटो चार वर्षं जुना आहे आणि दुसऱ्या ठिकाणचा आहे. वांगी ब्लाउज घातलेली बाई खापरटोलीची सुशिलाबाई. ब्लाउज मी शिवला. कापड कमी पडलं म्हणून काखेत पोपटी जोड लावला, तो दिसतो. सुशिलाबाई दोन वर्षांपूर्वी वारली. मेलेल्या बाईकडून श्रमदान करून घेणारा उमेदवार मी पहिल्यांदा पाहिला."

तासाभरात तालुकाभर झालं. गुलाबचंदच्या पोरांनी फोटो काढून टाकला, पण तोवर लोकांनी तो घेऊन ठेवला होता, खाली मामीचा मजकूर जोडून. ज्यांनी कधी खापरटोली पाहिली नाही ते "मामी जिंदाबाद" लिहू लागले. मामी ते वाचून म्हणाली, "यातला एक तरी तलावावर जाईल का? अंगठा दाखवाले कायले कष्ट लागते!"

विरोधी उमेदवाराची तीन माणसं शाल-नारळ घेऊन दुकानात आली. त्यांना मामी सभेत बोलायला हवी होती. मामीनं शाल हातात घेतली, उलटी करून शिवण पाहिली आणि परत दिली. "त्यानं खोटा फोटो तरी टाकला. तुमी तं तेवढी बी मेहनत घेतली नाई. पाच वर्स हा तलाव तुमच्याच मानसाकडे होता ना?" ती माणसं नारळासकट परत गेली. त्यांनी सभेत मामीला नेलं नाही, पण फोटो नेला. सुशिलाबाईच्या काखेभोवती जाड लाल गोल काढला, तो मोठा केला आणि सगळीकडे पाठवला. मग टवाळ पोट्ट्यांनी तो घेतला. त्यांनी त्याखाली जे लिहिलं ते मी इथं लिहीत नाही.

आठवड्यानं बाजाराच्या दिवशी मंजू आली. सुशिलाबाईची मुलगी. प्रतापगडाकडच्या एका गावात दिलेली, कडेवर वर्षाचं मूल. मी दुकानातच होतो. मामीनं तिला ओळखलं, "ये वो मंजू, बस," म्हणाली.

मंजू बसली नाही. "माह्या नवऱ्याच्या फोनवर आला," ती म्हणाली. "त्याच्या दोस्तानं पाठवला. त्याले मालूम नाई का ते माही माय होय. सगळे हासून राहिले होते."

मामीनं पाय मशीनवरून काढले.

"मायनं त्या ब्लाउजवर घमेल्याबिगर हात कधी वर केला नाई, मामी. हळदीकुंकवात बी पदर ओढून बसे. तुमीच सांगितलं होतं तिले, हात खाली ठेव म्हणून. अन् तुमीच साऱ्या तालुक्याले सांगितलं का कापड पुरलं नाई." तिचा आवाज चढला नाही. "त्या मानसानं तं नाव बी घेतलं नोतं तिचं. नाव तुमी घेतलं."

मामीचा हात मशीनच्या चाकावर होता. ती म्हणाली, "चुकलं माहं." मग चाकावरचा हात काढून, "काय करू, सांग."

"काय करान आता? मिटवून दाखवा." मंजू जायला निघाली. दारात थांबली. "आमच्याकडे तिचा एकच फोटो हाये. आधार कार्डाचा. त्याच्यात ते तिच्यासारखी दिसतच नाई. अन् हा एक चांगला, तं त्याच्यावर गोल."

मंजू गेल्यावर मामीनं सोनिकाला हाक मारली आणि आपलं लिहिलेलं पुसायला लावलं. त्यानं काय होणार होतं? पुढचे दोन दिवस ती माझ्यामागे मोटारसायकलवर बसून फिरली. पानठेला, मोबाइलचं दुकान, कोहमाऱ्यापर्यंतचे दोन ढाबे. ज्याच्या फोनवर तो फोटो असेल त्याच्यासमोर उभी राहून म्हणायची, "काढ. माह्यासमोर काढ." काहींनी काढला. एक जण हसून म्हणाला, "मामी, तुमीच तं व्हायरल केला!" मामीनं मान खाली घातली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "हे असं होत नाई. तो बिनगोलाचा फोटो, मूळचा, कोनाकडे असंल?"

गुलाबचंदकडे. दुसऱ्या कोणाकडे असणार?

प्रचाराचे शेवटचे चार दिवस राहिले होते. खताच्या दुकानामागच्या खोलीत कार्यकर्ते, पत्रकं, चहाचे कप. गुलाबचंद मामीला पाहून उठला. "आइए मामीजी, बैठिए! आमच्यावर एवढा राग? पोरांची चूक झाली, मी रागावलो त्यांना."

"पोरं कुठं हायेत?" मामीनं विचारलं.

गुलाबचंद हसला. मामीनं आपलं काम सांगितलं.

"बस, इतकंच? फोटो तर कॉम्प्युटरमध्ये पडलेला आहे. आपलं काम हो गया समझो." त्यानं चहा मागवला. मग सहज म्हणाला, "एक फोटो आपलाही होऊन जाऊ द्या. लोगों को गलतफहमी आहे की मामी नाराज आहे."

मला वाटलं, ती आता उठेल, आणि उठता उठता असं काही बोलेल की त्याला जन्मभर पुरेल. तिचे ओठ हललेही. पण ती म्हणाली, "आधी माहा फोटो द्या. मंग तुमचा."

पोरानं मूळ फोटो पेन ड्राइव्हवर टाकून दिला. मामीनं तो माझ्या हातात दिला आणि उभी राहिली. गुलाबचंद चटकन तिच्या पायाशी वाकला. कोणी पाया पडलं की हात डोक्याकडे जातोच. तेवढ्यात कॅमेरा वाजला. आम्ही रस्त्याला लागायच्या आत तो फोटो फेसबुकवर होता: "मामींचा आशीर्वाद, विजय निश्चित."

मामीनं तो पाहिला नाही. ती मला घेऊन सरळ स्टुडिओत गेली. मूळ फोटो मोठा काढून घेतला, साध्या लाकडी चौकटीत बसवला. चौकटीत बसवण्याआधी तिनं एवढंच विचारलं, "पुसता येते का हा जोड?" स्टुडिओवाला म्हणाला, येतो. त्यानं तो वांगी रंगाचा करून दिला.

प्रतापगडाकडच्या त्या गावी आम्ही दुपारी पोचलो. मंजू अंगणात धान पाखडत होती. मामीनं पिशवीतून चौकट काढून तिच्या हातात दिली. मंजूनं पदरानं काच पुसली आणि बराच वेळ पाहत राहिली. आधी आईकडे, मग कोपऱ्याकडे. ज्या कोपऱ्यात गुलाबचंदचा गोल चेहरा चिकटवलेला होता तिथं मूळ फोटोत एक पोरगी पळसाच्या सावलीत फडक्यातला डबा घेऊन उभी होती.

"हे मी होय," मंजू म्हणाली. "शिदोरी घेऊन गेली होती त्या दिवशी."

मामीनं वाकून पाहिलं. तिनंही ते आधी ओळखलं नव्हतं. गुलाबचंदनं या पोरीच्या तोंडावर आपलं तोंड चिकटवलं होतं, आणि आम्ही दोघांनी तो फोटो कितीदा पाहिला होता.

मंजू चौकट घेऊन आत गेली. आम्ही अंगणात उभे. ती बाहेर आली, सूप उचललं आणि पुन्हा पाखडू लागली. पाणी विचारलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "बस निंगून जाईल तुमची." आमच्याजवळ मोटारसायकल होती, ती तिला समोर दिसत होती. आम्ही निघालो.

घरी सोनिका रडकुंडीला आली होती. मामीच्या नावानं दीडशे-दोनशे जणांनी लिहिलं होतं. मामी विकली गेली, मामीनं दलाली खाल्ली, बाई ती बाईच. दहा-बारा दिवसांपूर्वी "जिंदाबाद" लिहिणारे तेच लोक, त्यात ते गुरुजीही. सोनिका म्हणाली, "आई, मी लिहिते ना खरं काय झालं ते. फोटोसाठी गेली होती म्हणून."

"खबरदार," मामी म्हणाली. "मंजूचं नाव पुन्हा निंगंल." तिनं फोन हातात घेतला, शेवटापर्यंत सगळं वाचलं. एका ठिकाणी थांबून माझ्याकडे वळवला, "पाहा, 'गद्दार' मधला एक द खाल्ला यानं. शिवी बी धड येत नाई." मग फोन आरशाजवळच्या फळीवर पालथा ठेवला.

गुलाबचंद भरपूर मतांनी निवडून आला. खापरटोलीनंही त्यालाच दिली. आमच्या पेपरात निकालाची बातमी मीच पाठवली. कार्यालयातून म्हणाले, मामींच्या आशीर्वादाचा फोटो आहे ना, तोच लावा. मी लावला. मामीनं तो पेपर वाचला, घडी करून ब्लाउजची मापं बेतायला वापरला आणि मला त्याबद्दल काही बोलली नाही. तिनं मला आजवर दिलेल्या शिव्यांपेक्षा ते जास्त लागलं. पुढच्या वर्षी मी वार्ताहरकी सोडून बियाण्यांच्या दुकानात बसलो. त्यात माझा काही मोठेपणा नाही. तिथं निदान पोतं फोडून दाणे दाखवता येतात.

मामी वर्षभर फेसबुकवर गेली नाही. मग पुन्हा गेली. पुढाऱ्यांना पूर्वीसारखंच हाणते, गुरुजींना जरा जास्त. गेल्या उन्हाळ्यात समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून तिला तिसऱ्यांदा काढलं. कोणी गरीब माणसाचा फोटो टाकून खाली हळहळ लिहिली, की ती फक्त विचारते, "यांना विचारलं होतं का?"

मंजू हल्ली ब्लाउज बसस्टँडजवळच्या टेलरकडे टाकते. परवा बाजारात ती भाजी घेत होती, तेव्हा मामी आणि मी पलीकडून जात होतो. मंजूनं पाहिलं, ओळख दाखवली नाही. मामी चार पावलं पुढे जाऊन म्हणाली, "बाहीचा मुंढा चुकवला त्या टेलरनं. हात वर केला का खांद्यात रुतत असंल पोरीले." आणि मेथीची जुडी उचलून भाजीवालीशी भांडायला लागली.